एका सोफ्याचे वय

भाड्याच्या घरातले सामान घरमालकाचे असते, याविषयी कुणाचे दुमत असणार नाही. खुर्ची त्याची, टेबल त्याचे, पलंग त्याचा आणि पलंगावरची गादीही त्याचीच. परंतु त्या खुर्चीवरून व त्या गादीवरून दररोज हात फिरवून जाणारा जो काळ, त्याचा हिशेब कुणाच्या नावावर मांडायचा? आपल्याकडे या प्रश्नाचे उत्तर बहुधा अनामत रकमेतून काढले जाते. घर सोडण्याच्या दिवशी दलाल भिंतीकडे बोट दाखवतो, नळ फिरवून पाहतो, कपाटाचे दार हलवतो आणि पन्नास हजारांचे तीस हजार होतात. भाडेकरू दोन शब्द बोलतो. पण खाली टेम्पो उभा असतो, टेम्पोवाला हॉर्न वाजवीत असतो. मग ते तीस हजार खिशात घालून तो जिना उतरतो.

आमच्यावर हा प्रसंग आला तो इंग्लंडात. तेथे त्याचे पुढे काय झाले, हे आपल्या वाचकांना सांगण्याजोगे वाटले म्हणून हा लेखनप्रपंच. लिहिणारे आम्ही दोघे नवराबायको आहोत. यातले कोणते वाक्य कुणाचे, हे आता आमचे आम्हांलाही सांगता येणार नाही.

२०१९ च्या सप्टेंबरात आम्ही वसई सोडून लंडनच्या वायव्येस असलेल्या हॅरो या उपनगरात राहावयास गेलो. आमच्यापैकी एकीला तेथील रुग्णालयात परिचारिकेची नोकरी मिळाली होती. दुसऱ्याने हिशेबनिसाचे मिळेल ते काम धरले. बरोबर तीन वर्षांची मुलगी. हॅरोत गुजराती व तमिळ माणसांची वस्ती मोठी आहे. भाजीच्या दुकानात दुधी मिळतो, कोथिंबीर मिळते, आणि रविवारी मिस्सा सुटल्यावर मंगळूरचे, गोव्याचे, केरळचे चेहरे भेटतात. त्यामुळे परकेपणा वाटला तो माणसांमुळे नव्हे. तो वाटला घरामुळे.

घर दोन खोल्यांचे, सामानासह. भाडे महिना १३०० पौंड. अनामत रक्कम १५०० पौंड. हा आकडा मोजून काढलेला होता, कारण त्याच वर्षी १ जूनपासून इंग्लंडात नवा कायदा लागू झाला होता. त्यानुसार आमच्यासारख्या साधारण भाड्याच्या घराला पाच आठवड्यांच्या भाड्याहून अधिक अनामत घेता येत नाही. करार करण्याची फी, घर तपासण्याची फी असे जे चिल्लर कर पूर्वी भाडेकरूकडून उकळले जात, तेही त्या कायद्याने बंद केले. आम्ही अनायासे तीन महिने उशिरा पोहोचल्याने वाचलो.

तेथील एजंट हा आपल्या दलालासारखा नसतो, हे आधी सांगितले पाहिजे. आपला दलाल महिना-दोन महिन्यांचे भाडे घेऊन बाजूला होतो. तेथे घरमालक आपले घर किल्ल्यांसकट एजंटच्या कचेरीच्या स्वाधीन करतो. भाडे वसूल करणे, नळ दुरुस्त करून घेणे, सहा महिन्यांनी घर पाहून जाणे, भाडेकरू जाताना हिशेब करणे, हे सारे कचेरीच करते. आमचे घरमालक आम्ही तीन वर्षांत एकदाही पाहिले नाहीत. करारावर त्यांचे नाव होते, एवढाच आमचा परिचय. आमचा सारा व्यवहार कचेरीतल्या एका तरुणाशी. तोही दर आठ-दहा महिन्यांनी बदले. पहिला गेला की दुसरा येई आणि त्याला पहिल्याचे काही ठाऊक नसे. स्वभावाने सारेच गोड होते. गोडपणाचा त्यांना पगार मिळत असावा.

राहावयास गेल्यावर कचेरीने आम्हांला सामानाची यादी दिली आणि सात दिवसांत सही करून परत द्या, असे सांगितले. यादी मोठी विनोदी होती. ‘सोफा, तिघांचा, करडा : ठीक.’ ‘टेबल व चार खुर्च्या : ठीक.’ ‘गादी, दोघांची : ठीक.’ सारे जग ठीक! आमच्यातील परिचारिकेला हे रुचले नाही. जे कागदावर नोंदले नाही ते केलेच नाही असे समजावे, हा तिच्या पेशातील पहिला पाठ. रुग्णाला औषध दिले आणि लिहिले नाही, तर चौकशीत ते दिले नव्हते असेच धरले जाते. तिने त्या ‘ठीक’च्या पुढे आपल्या हाताने लिहावयास घेतले. सोफ्याच्या डाव्या बाजूची स्प्रिंग बसली आहे. मधल्या उशीची शिवण दोन इंच उसवली आहे. टेबलाचा खिडकीकडचा कोपरा ओलीने फुगून वरचा व्हिनियरचा थर सुटला आहे. गादीवर पायाकडे जुना पिवळट डाग आहे. बरोबर ४३ छायाचित्रे. सोफ्याच्या उशा उचलल्या तेव्हा खाली शिवलेली एक पांढरी पट्टी दिसली, तिचेही छायाचित्र तिने काढून ठेवले. का काढले म्हणून विचारले, तर “दिसली म्हणून,” एवढेच उत्तर. ही सारी चित्रे सही केलेल्या यादीसह कचेरीला ई-मेलने पाठवली. “पोहोचले, धन्यवाद,” असे दोन शब्दांचे उत्तर आले. ते दोन शब्द पुढे लाखमोलाचे ठरले.

मग आली २०२० ची टाळेबंदी. २३ मार्चच्या रात्री पंतप्रधानांनी सर्वांना घरात राहण्याचा आदेश दिला आणि ते ओलीने फुगलेले टेबल एकाएकी आमची कचेरी, आमची बालवाडी आणि आमचे जेवणघर झाले. मंदिरे भाविकांसाठी बंद होती, तेव्हा त्याच सोफ्यावर बसून आम्ही पडद्यावरची मिस्सा ऐकली. पास्काचा रविवारही त्याच सोफ्यावर गेला. आमच्यातील एक तेव्हा रुग्णालयात बारा-बारा तासांच्या पाळ्या करीत होती. परत आल्यावर दारातच कपडे बदलून, अंघोळ करून ती त्या सोफ्याच्या उजव्या टोकाला पाय वर घेऊन बसे आणि बराच वेळ काही बोलत नसे. तो सोफा आम्हांला कधी आवडला नव्हता. तरीही त्या वर्षापासून त्याच्याविषयी वाईट बोलणे आम्ही सोडून दिले.

२०२२ च्या उन्हाळ्यात आईची प्रकृती ढासळल्याने आम्ही परतण्याचे ठरवले. रीतसर सूचना दिली आणि ३१ ऑगस्टला किल्ल्या परत केल्या. त्याआधी दोन दिवस आम्ही घर घासून-पुसून लख्ख केले. विमानाची तिकिटे मेव्हण्याकडून उसने पैसे घेऊन काढली होती. अनामत परत आली की ती फेडावयाची, असा बेत. १५०० पौंड म्हणजे त्या वेळी आपले एक लाख चाळीस हजारांवर.

वसईस पोहोचून दहा-बारा दिवस होतात न होतात तोच कचेरीचा ई-मेल आला. सोफा बदलण्याचा खर्च ६४० पौंड. टेबल व खुर्च्या बदलण्याचा ३८०. गादीचे २१०. सफाईचे १६०. एकूण १३९० पौंड वजा करून ११० पौंड आपणांस परत करण्यात येतील. खाली कारण दिले होते : भाडेकरूंनी सामानाची हेळसांड केली असून घरात लहान मूल असल्याने सोफ्याचा गैरवापर झाल्याचे दिसते.

आम्ही तो मजकूर ओट्यावर बसून वाचला. पैशांचे दुःख होतेच. पण अधिक झोंबला तो ‘हेळसांड’ हा शब्द. परिचारिकेच्या पेशात त्या शब्दाचा अर्थ फार भयंकर असतो; त्या एका शब्दाने माणसाची नोंदणी जाते, चौकशा बसतात. तीन वर्षे, त्यातली दोन महामारीची, जिने परक्या माणसांची आजारपणे काढली, तिच्या नावापुढे एका करड्या सोफ्यापायी हा शब्द लिहिला गेला होता. आणि तो लिहिणाऱ्या तरुणाने सोफ्याच्या उशा उचलूनही पाहिल्या नव्हत्या.

आम्ही उत्तर पाठवले की हे सारे दोष २०१९ च्या आमच्या यादीत नोंदलेले आहेत. त्यावर फोन आला. आवाज नवा, गोडवा तोच. तुमची यादी आमच्या दप्तरी सापडत नाही. त्या वेळचे कर्मचारी आता येथे नाहीत. घरमालक फार नाराज आहेत. परंतु आपण चांगले भाडेकरू होता, म्हणून मी स्वतः रदबदली करून निम्म्यावर तोडगा काढू शकतो. आज ‘हो’ म्हणालात तर आठवड्यात ८०५ पौंड तुमच्या खात्यात.

खरे सांगावयाचे तर त्या रात्री ‘हो’ म्हणण्याच्या अगदी काठावर आम्ही होतो. ८०५ पौंडांत मेव्हण्याचे बहुतेक देणे फिटत होते. आई म्हणाली, “अरे, साता समुद्रापलीकडचं भांडण ते. गेले ते गेले म्हणा आणि सोडा.” भावाने विचारले की तिकडच्या कोर्टात जायला वकील कोण देणार? घरात कुणालाही आमचे म्हणणे खोटे वाटत नव्हते. पण खरे ठरवून घेणे परवडेल असेही कुणाला वाटत नव्हते.

हॅरोच्या धर्मग्रामात एक वयस्क गृहस्थ होते. मूळचे आपल्याकडचेच, पण चाळीस वर्षे तेथे काढलेली. सारे त्यांना अंकल म्हणत. त्यांना फोन केला. त्यांनी सारे ऐकून घेतले आणि विचारले, “बाळांनो, तो पैसा कोणाचा?” आम्ही गप्प. ते म्हणाले, “तुमचा. अनामत ही भाडेकरूची मालमत्ता. ती कापायची असेल तर कारण त्याने सिद्ध करायचं. तुम्ही काही सिद्ध करायचं नाही. आणि त्यासाठी कोर्ट नको, वकील नको, लंडनला यायला तर मुळीच नको.”

मग त्यांनी जे समजावले ते थोडक्यात असे. इंग्लंड व वेल्समध्ये २००७ पूर्वी एजंट अनामत रक्कम स्वतःच्या खात्यात ठेवीत आणि मनाला येईल तशी कापीत; भाडेकरूला न्यायालयाखेरीज वाट नव्हती. २००४ च्या गृहनिर्माण कायद्याने ही मनमानी मोडली. ६ एप्रिल २००७ पासून अशी प्रत्येक अनामत सरकारमान्य संरक्षण योजनेत नोंदवावी लागते. आज ही मुदत ३० दिवसांची आहे; न नोंदवल्यास न्यायालय अनामतीच्या एकपट ते तिप्पट दंड भाडेकरूला देववू शकते. अशा योजना चालवणाऱ्या तीन मान्यताप्राप्त संस्था आहेत. काही अनामती संस्थेच्याच तिजोरीत असतात. काही एजंटकडे राहतात, पण विम्याच्या छत्राखाली. वाद निर्माण झाला की एजंटला वादातली रक्कम संस्थेकडे भरावी लागते. संस्थेचा निवाडाधिकारी दोन्ही बाजूंचे कागद पाहतो व निर्णय देतो. सुनावणी नाही, साक्ष नाही, भाडेकरूला एका पेनीचाही खर्च नाही. अट एवढीच की दोन्ही पक्षांनी या मार्गास संमती दिली पाहिजे, आणि आमच्या योजनेत घर सोडल्यापासून तीन महिन्यांच्या आत वाद नोंदवला गेला पाहिजे.

आमच्या कागदांत तो नोंदणीचा दाखला होता. तीन वर्षे होता. आम्ही तो विजेच्या बिलांत लावून ठेवला होता.

आणखी एक गोष्ट अंकलनी सांगितली, ती या साऱ्या प्रकरणाचा गाभा आहे. तेथे ‘वापराने होणारी रास्त झीज’ अशी एक जुनी कायदेशीर कल्पना आहे. माणसाने घर नीट वापरले तरी ते झिजते. गालिचा पायाखाली विरळ होतो, उन्हाने पडदे विटतात, बसून बसून स्प्रिंग बसते. ही झीज भाड्यातच मोजलेली असते. मालकाने त्यासाठी दरमहा पैसे घेतलेलेच असतात. शेवटी तीच झीज अनामतीतून पुन्हा वसूल करणे म्हणजे एका वस्तूचे दोनदा दाम घेणे. किती माणसे राहत होती, किती काळ राहिली, घरात मूल होते का, हे सारे त्यात विचारात घेतले जाते. ज्या घरमालकाने मूल असलेले कुटुंब ठेवले, त्याने मूल असलेल्या घराची झीजही स्वीकारली, असा त्याचा अर्थ. आणि झिजेपलीकडची खरी मोडतोड झाली असेल, तरीही जुन्याच्या जागी नवे मागता येत नाही. समजा, चारशे पौंडांचे टेबल दहा वर्षे टिकण्याजोगे आहे व सहाव्या वर्षाअखेर ते कुणी मोडले, तर मालकाला चार वर्षांचेच दाम मिळायचे, म्हणजे फार तर १६० पौंड. उरलेल्या सहा वर्षांचे टेबल त्याने वापरून, किंवा भाड्याने देऊन, संपवलेले असते.

म्हणजे प्रश्न एकच उरला. तो सोफा किती वर्षांचा होता? कचेरीने पावती दिली नव्हती. आमच्यापाशी तरी ती कोठून असणार?

तेव्हा ती पांढरी पट्टी आठवली. त्या पट्टीमागे एक दुःखद इतिहास आहे. पूर्वी इंग्लंडात सोफ्यांत जो फोम भरीत, तो पेटला की क्षणार्धात विषारी धूर पसरे. १९७९ च्या मे महिन्यात मँचेस्टर येथील वूलवर्थ्सच्या दुकानात फर्निचरच्या विभागास आग लागून दहा माणसे मृत्युमुखी पडली. अशा दुर्घटनांनंतर १९८८ साली फर्निचरच्या अग्निसुरक्षेचे नियम झाले. गादी-सोफ्यात काय भरले आहे, ते आगीस किती दाद देते, हे पाहणे बंधनकारक झाले आणि सोफ्यासारख्या वस्तूवर कायमची पट्टी शिवण्याची सक्ती आली. सामानासह भाड्याने दिल्या जाणाऱ्या घरांनाही हे नियम लागू आहेत. निष्काळजीपणामुळे आग लागते, असा इशारा त्या पट्टीवर छापलेला असतो. आमच्या छायाचित्रातील पट्टीवर त्या इशाऱ्याखाली, भरलेल्या मालाच्या वर्णनाआधी, निर्मितीची तारीखही होती. चित्र मोठे करून पाहिले. २०११.

म्हणजे आम्ही राहावयास गेलो तेव्हाच तो आठ वर्षांचा होता आणि आम्ही निघालो तेव्हा अकरा वर्षांचा. त्याच्या बदल्यात ६४० पौंडांचा कोरा सोफा मागितला जात होता.

आम्ही निम्म्याचा तोडगा नाकारल्याचे कळवले आणि सप्टेंबरअखेर वाद नोंदवला. निवेदनाचा पहिला मसुदा चार पानांचा झाला. त्यात महामारी होती, रात्रपाळ्या होत्या, ‘हेळसांड’ या शब्दाचा निषेध होता, थोडा साम्राज्याचाही समाचार होता. अंकलनी तो वाचून परत पाठवला आणि लिहिले, “विशेषणे गाळा. निवाडा करणारा तुम्हाला ओळखत नाही. तो फक्त तारीख ओळखतो.” मग दीड पान उरले. प्रत्येक वस्तूपुढे तीन गोष्टी : २०१९ ची स्थिती, छायाचित्राचा क्रमांक, आणि कचेरीच्या दाव्यात काय जोडलेले नाही. शेवटी त्या “पोहोचले, धन्यवाद” या ई-मेलची प्रत. जे लिहावेसे वाटत होते ते सारे गाळलेले दीड पान पाठवताना मनाला समाधान असे काही वाटले नाही.

पुढचे दोन महिने वाट पाहण्याचे होते. त्या काळात दुसरीच एक गोष्ट घडली.

वसई रोडला आमचा एक लहान फ्लॅट आहे. लंडनला जाताना तो आम्ही एका एजंटमार्फत भाड्याने दिला होता. भाडेकरू सातारकडचे, नवरा कारखान्यात सुपरवायझर, दोन मुले. अनामत पन्नास हजार. त्यांची बदली झाल्याने नोव्हेंबरअखेर ते जाणार होते. एजंट आदल्या दिवशी आमच्याकडे आला. “साहेब, बेडरूमच्या कपाटाचं दार निखळलंय. किचनचा ओटा पिवळा पडलाय. रंग तर करावाच लागणार. वीस हजार कापून घ्या.” आम्ही एकमेकांकडे पाहिले. ते कपाट आमच्या लग्नातले, २००८ सालचे. त्याची बिजागरी आम्ही असतानाच दोनदा बदलली होती. “त्यांनी काय बिघडवलं ते कशावरून ठरवायचं? आपण देताना यादी केली होती का?” तो हसला. “यादी कोण करतं साहेब? सगळेच कापतात. त्यांनाही ठाऊक असतं.”

शेवटच्या वाक्याचा विचार आम्ही बराच वेळ करीत राहिलो. त्यांनाही ठाऊक असते. भाडेकरू अनामत देतो तेव्हाच तिच्यातला काही भाग गेला असे मानून देतो, आणि मालक घेतो तेव्हा तेवढा भाग आपला झाला असे मानून घेतो. मधे कायदा येतच नाही. आपल्याकडे कायदा नाही असे नव्हे. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या ५५ व्या कलमान्वये असा करार लेखी व नोंदणीकृत असला पाहिजे. त्याची जबाबदारी घरमालकावर आहे आणि नोंदणी नसेल तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, उलट पुरावा येईतो, ग्राह्य धरले जाते. ही तरतूद भाडेकरूच्या बाजूने किती भक्कम आहे, हे किती भाडेकरूंना माहीत असेल? पण अनामत जपून ठेवणारा तिसरा कुणी या कायद्याने उभा केलेला नाही. केंद्राने २०२१ साली जो नमुना कायदा तयार केला, त्यात राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित ठेवली आहे. मात्र तो राज्यांनी स्वीकारावयाचा असतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही फ्लॅटवर गेलो. बाई फरशी पुसत होत्या. आम्हांला पाहून त्या ओशाळल्यासारख्या उभ्या राहिल्या आणि आपणहून म्हणाल्या, “ताई, त्या दाराचं किती कापणार तेवढं सांगा; आम्हांला तिकडे नवीन घराचं डिपॉझिट भरायचंय.” त्या आवाजात भांडण नव्हते, हिशेब होता. आम्ही पन्नास हजारांचा धनादेश आदल्या रात्रीच लिहून ठेवला होता, तो त्यांच्या हाती दिला. त्यांनी तो दोनदा वाचला. त्यांचे यजमान म्हणाले, “दादा, एजंटला सांगू नका, तो आमच्याकडे दोन टक्के मागेल.” त्यावर आम्ही सारेच हसलो. एजंट मात्र त्यानंतर आमच्याशी फटकून वागू लागला; आम्ही बाजार बिघडवतो, असे त्याचे म्हणणे आहे.

इंग्लंडचे सारेच उत्तम असे दाखवण्याचा आमचा हेतू नाही. तेथे आम्ही ज्या कराराखाली राहत होतो, त्यात घरमालक काहीही कारण न देता दोन महिन्यांच्या सूचनेवर कुटुंबाला बाहेर काढू शकत असे. या भीतीने कित्येक भाडेकरू घरात ओल आली, उंदीर झाले तरी तोंड उघडत नसत. पुढे २०२५ साली संमत झालेल्या कायद्याने ही तरतूद रद्द ठरवली. आम्ही भांडू शकलो याचे एक कारण असेही आहे की आम्ही घर आधीच सोडले होते. आम्हांला काढण्याजोगी जागा कुणाच्या हाती उरली नव्हती.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात निवाडा आला. साडेचार पाने, कोरडी. सोफा : उपलब्ध छायाचित्रानुसार निर्मिती २०११, अपेक्षित आयुष्य संपलेले, शिवण व स्प्रिंगचे दोष करारारंभी नोंदलेले, दावा अमान्य. टेबल : फुगलेला कोपरा २०१९ च्या छायाचित्र क्रमांक १७ मध्ये दिसतो, वरील बारीक ओरखडे तीन वर्षांच्या वास्तव्यात स्वाभाविक, त्या काळात देशभर लोक घरीच होते याचीही नोंद घेतली आहे, दावा अमान्य. गादी : डाग करारारंभी नोंदलेला, अमान्य. सफाई : ओव्हनच्या आतील बाजूस तेलाचा थर असल्याचे कचेरीच्या छायाचित्रावरून दिसते, ४५ पौंड मान्य. तो ओव्हन आम्ही दोन तास घासला होता आणि ते छायाचित्र त्याच ओव्हनचे आहे हे आम्हांला अजूनही पटलेले नाही. पण निर्णय अंतिम असतो.

‘हेळसांड’ या शब्दाविषयी निवाड्यात काही नव्हते. अंकलना आम्ही तसे म्हटले. ते म्हणाले, “त्याने तो शब्द वाचला असेल, आणि त्याला पुरावा जोडलेला नाही म्हणून पुढे गेला असेल.” आमच्यातील परिचारिकेने निवाड्याची प्रत छापून आपल्या नोंदणीच्या प्रमाणपत्रांच्या फाइलीत लावली आहे. कुणी विचारणार नाही, हे तिला माहीत आहे.

१४५५ पौंड नाताळच्या आठ दिवस आधी खात्यात जमा झाले. मेव्हण्याला त्याच संध्याकाळी त्याचे पैसे दिले. “भांडून मिळवलेत, आता जेवायला तरी घाला,” असे तो म्हणाला, तेव्हा त्याला सोरपोतेल करून वाढले. जानेवारीत फ्लॅटवर नवे भाडेकरू आले. त्यांच्यासाठी आम्ही तीन पानांची यादी केली, प्रत्येक वस्तूपुढे खरेदीचे साल लिहिले. नव्या बाईंनी ती मन लावून वाचली आणि म्हणाल्या की हॉलमधल्या पंख्याचा रेग्युलेटर तीनवर अडकतो, तेही लिहा. लिहिले.

त्याच सुमारास लंडनच्या त्या कचेरीचा एक ई-मेल आला. आमच्या सेवेविषयी आपले मत एक ते पाच ताऱ्यांत कळवावे, असे त्यात होते. खाली सही नव्या तरुणाची.